अर्थिंगच्या वायरी, प्लगची ठिणगी आणि ॲव्हरेज

प्रश्न : दुकानात रंगीत वायरींचं ‘अर्थिंग किट’ दाखवलं. बॅटरी, इंजिन आणि बॉडी जोडली की स्पार्क जोरदार होतो, ॲव्हरेज वाढतं म्हणे. घ्यावं का? (ठाणे)

मूळ अर्थिंग धड असेल तर पैसे वाचवा. प्लगवरचा दाब हजारो व्होल्टचा असला तरी ठिणगीतून वाहणारा करंट मिलिॲम्पिअरमध्ये मोजावा लागतो. त्याला परतायला इंजिनचं लोखंड पुरून उरतं. जाड वायर हवी असते ती स्टार्टरला, कारण सेल्फ मारताना तो शंभर अँपिअरच्या पुढेही जातो. किट लावल्यावर सेल्फ झटकन लागू लागला, तर जुनी अर्थ पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी तांब्याची पट्टी) खराब होती असं समजा. ती बदलायला किटपेक्षा कमी खर्च येतो.

प्रश्न : चौदा वर्षांची पेट्रोल गाडी. सेल्फ जड फिरतो, हेडलाइट मंद. बॅटरी नवी टाकली तरी तेच. (रत्नागिरी)

खारी हवा आणि चार महिने पाऊस म्हटल्यावर पहिला संशय अर्थ पट्टीवर. पण बदलण्याआधी मोजा. साधा मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि स्टार्टर फिरत असतानाच आकडा वाचा. 0.2 व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी किंवा तिचा जोड गेला. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॉडीवर तसंच मोजा, तिथे 0.1 च्या आत हवं.

दुरुस्ती अगदी साधी. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. पट्टीचा बोल्ट खोला, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू चकचकीत करा, बोल्ट कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. तांब्याच्या तारेत हिरवा गंज शिरला असेल तर पट्टीच बदला. पट्टी पार तुटली की करंट मिळेल ती वाट धरतो, आणि कधी कधी ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची केबलच तापते. हे दिसलं तर गाडी तशीच चालवू नका.

ॲव्हरेजचा संबंध इथे खरोखर येतो. एका वायरच्या जुन्या ऑक्सिजन सेन्सरला (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) अर्थ सायलेन्सरच्या लोखंडातून मिळतो आणि त्याचा सिग्नल जेमतेम 0.1 ते 0.9 व्होल्ट. अर्थ बिघडला की ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) हिशेब चुकतो, मग पेट्रोल कमी-जास्त पडतं.

प्रश्न : इरिडियम प्लगने ॲव्हरेज किती वाढेल? गाडी सीएनजी आहे, गॅसवर मिसिंग करते (मध्येच इंधन पेटत नाही, झटके बसतात), पेट्रोलवर ठीक. (नाशिक)

चांगला निकल प्लग चालू असेल तर फरक जाणवण्याइतका नाही. मिश्रण पेटवणं एवढंच ठिणगीचं काम. एकदा पेटल्यावर जोरदार ठिणगी पेट्रोलमधून जादा ताकद काढू शकत नाही. इरिडियमचं टोक बारीक आणि कठीण, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते आणि गॅप (प्लगच्या टोकांमधली फट) लवकर वाढत नाही. फायदा टिकाऊपणाचा.

तुमची तक्रार मात्र प्लगचीच वाटते. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. असं मिसिंग अंगावर काढू नका. न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन पाहून सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू आणखी इंधन सोडतो, आणि ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब करतं. गेलेलं ॲव्हरेज इथे परत मिळेल. मॅन्युअलमधल्या नंबरचेच प्लग घ्या, गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. नंबरात रेझिस्टरचा ‘आर’ असेल तर साधा प्लग बसवू नका. रेडिओत खरखर येईल आणि ईसीयूलाही त्रास होऊ शकतो.

प्रश्न : सिग्नलला आपोआप बंद होणारी नवी गाडी आहे. जादा अर्थ वायर थेट बॅटरीला लावू का? (पुणे)

नको. अशा बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. वायर त्याला वळसा घालून गेली की चार्जिंगचा हिशेब चुकतो. जोडायचीच असेल तर सेन्सरच्या पुढे, बॉडीवर.

प्रश्न : डिझेल गाडीला स्पार्क वाढवायचं यंत्र बसतं का? (सांगली)

डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटतं, स्पार्क नसतोच. विकणाऱ्याला प्लग कुठे आहे ते दाखवायला सांगा.