युद्धवर्षाचा इतिहास रचताना

नागपूर

प्रिय मित्रा,

तुझ्या कल्पित राज्याच्या उलथापालथीच्या वर्षाचा आराखडा वाचला. राजघराणी, निशाणं, तलवारींची नावं सगळं आहे. पण बारा महिन्यांत अकरा लढाया आहेत आणि पाऊस कुठेच नाही. म्हणून आधी पंचांग कर, लढाया नंतर मांड.

मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करत, त्यामागे हिशोब होता. तोवर नद्या उतरतात, वाटा वाळतात, गवत भरपूर असतं आणि खरिपाचं पीक हाताशी येत असतं. आपल्या काळ्या मातीत जुलैत तोफेचा गाडा आसापर्यंत रुततो. तुझी दुसरी लढाई भर पावसाळ्यात आहे. ती हलव, नाहीतर चिखलालाच पराभवाचं कारण कर.

मग दाणागोटा. दहा हजार लढवय्ये म्हटले की बाजारबुणगे, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, लोहार असे निदान तेवढेच लोक आणखी धर. माणशी रोज एक किलो धान्य म्हणजे 20 टन. दोन हजार घोड्यांना प्रत्येकी चार किलो चंदी म्हणजे आणखी 8 टन. एका बैलाच्या पाठीवर साधारण शंभर किलो ओझं धरलं, तर एका दिवसाला 280 बैल आणि दहा दिवसांना 2800. हे बैल कोणाचे? आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे हे काम करत. तुझ्या जगात ते कोण करतं, आणि ते ऐनवेळी दुसऱ्या बाजूला गेले तर काय होतं, हे लिही. माझ्या मते तुझ्या कादंबरीचं सर्वांत चांगलं प्रकरण तिथेच आहे. चारा तर वाहून नेताच येत नाही, म्हणून मोठी छावणी एका जागी फार दिवस टिकत नाही. गाड्याबैलांसह फौज दिवसाला 15–20 किलोमीटर जाते. तुझा सेनापती चार दिवसांत तीनशे किलोमीटर पोचतो, ते शक्य नाही.

बातमीलाही वेळ लागतो. पेशवे आणि इंग्रज यांच्यातली पुण्याजवळच्या खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 ची. पुणे ते नागपूर सुमारे 700 किलोमीटर. टप्प्याटप्प्यावर बदलणारे हरकारे रोज 80–100 किलोमीटर कापतात असं धरलं, तर सात ते नऊ दिवस. इकडे नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रं 24 नोव्हेंबरला दरबारात स्वीकारली आणि 26 च्या संध्याकाळी नागपुरातल्या सीताबर्डीला इंग्रजांशी तोंड लागलं. मधल्या दिवसांत कोणाला काय ठाऊक होतं, कोण अजून जुन्या तहाच्या भरवशावर बसलं होतं, हे मांडलंस की उलथापालथ आपोआप दिसते. प्रत्येक पात्रासाठी ‘बातमी कळल्याची तारीख’ वेगळी लिहून ठेव.

सीताबर्डीचं मैदान एकदा नीट पाहून ये. तिथे टेकड्या दोन, एक मोठी आणि एक लहान. 27 च्या सकाळी आप्पासाहेबांच्या भाडोत्री अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठीवर मारा सुरू झाला. पुढे दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि इंग्रजांनी टेकडी परत मिळवली. संख्येने ते कितीतरी कमी होते. तुझ्या लढाया मात्र नेहमी मोठी फौजच जिंकते. उंचवटा कोणाकडे, दारू कुठे ठेवलीय, हे प्रत्येक रणांगणाच्या नकाशावर दाखव.

शेवटाचंही तसंच. 16 डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी अरब तुकड्या शहर धरून बसल्या. 24 ला जुम्मा दरवाज्यावरचा हल्ला त्यांनी परतवला आणि महिनाअखेरीला अटी ठरल्यावरच त्या बाहेर पडल्या. भाडोत्री शिपायाला थकलेला पगार आणि सुखरूप वाट हवी असते. तुझा राजा शरण गेला की सगळं एका रात्रीत शांत होतं. तिथे निदान दोन आठवडे वाढव. किल्ल्यात अडकलेल्यांचा पगार कोण देणार, तेही ठरव.

पुढच्या वेळी प्रकरण नको, तक्ता पाठव. बारा महिने उभे. आडवे रकाने पाऊस, पीक, धान्याचा भाव, फौज कुठे आणि बातमी कुठवर पोचली यांचे. पेरणीच्या महिन्यात शेतकरी फौजेत असतील, तर पुढच्या वर्षीचा भावाचा रकानाही भरून पाठव.

तुझा,
एक वडीलधारा वाचक