नंबर बदलला आणि लॉगिन बंद

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात मामाचं हळदीचं अडत दुकान आहे, त्याच्यासाठी पायथनच्या फ्लास्क (वेब अ‍ॅप करायचं साधन) आणि एसक्यूएलअल्केमीत (डेटाबेसशी बोलणारं साधन) हिशोबाचं छोटं अ‍ॅप केलंय. यूजर मॉडेलमधे पासवर्डला प्रॉपर्टी सेटर (किंमत ठेवताना आपोआप चालणारं फंक्शन) लावलाय, तो पासवर्डचा हॅश (उलटा न फिरवता येणारं सांकेतिक रूप) करून ठेवतो. एडिट फॉर्म मॉडेलवरनंच भरतो आणि सेव्हला लूप लावून सगळी फील्ड परत यूजरवर टाकतो. परवा दिवाणजींचा फक्त मोबाईल नंबर बदलला आणि तेव्हापासनं त्यांचं लॉगिनच होईना, पासवर्ड तर तोच टाकतायत. रेकॉर्ड वाचताना सेटर परत चालतो का?
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : नाही रे, वाचताना सेटर चालत नाही. एसक्यूएलअल्केमी रेकॉर्ड उचलते ते थेट खालच्या हॅशच्या कॉलमात ठेवते, तुझ्या सेटरला विचारतही नाही. घोळ गेटरमधे (किंमत वाचताना चालणारं फंक्शन) आहे, त्यातनं तू हॅश परत देत असणार. मग फॉर्म उघडला की पासवर्डच्या खान्यात तो हॅश जाऊन बसतो, दिवाणजी बिचारे नंबर बदलून सेव्ह दाबतात, लूप तो हॅश परत यूजरवर टाकतो आणि सेटर हॅशचाच हॅश करून मोकळा. त्याला काय कळतंय हळकुंड आलंय का दळलेली पावडर, आलं की दळायचं.

खात्री करायचीय? बॅकअपमधला त्यांचा जुना हॅश अख्खा कॉपी करून पासवर्ड म्हणून टाक, लॉगिन होईल बघ.

तर गेटरमधनं काही द्यायचंच नाही, सरळ अ‍ॅट्रिब्यूट एरर फेकायचा. असली चूक मग दिवाणजींच्या आधी तुलाच दिसते. फॉर्ममधे पासवर्डचा खाना कोरा ठेव आणि कोराच आला तर सेटरला हात लावू नको, नाहीतर रिकाम्या स्ट्रिंगचा हॅश होऊन बसेल आणि ते तर अजून वाईट.

जाता जाता कॉलमची लांबी बघ. जुन्या ट्युटोरियलमधे 128 असते, आताच्या वर्कझॉइगचा (फ्लास्कखालची लायब्ररी, पासवर्डचा हॅश हीच करते) डिफॉल्ट एस-क्रिप्ट हॅश 162 अक्षरांचा येतो. एसक्यूलाइट (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) लांबी बघतच नाही म्हणून लॅपटॉपवर सगळं गोड चालतं, सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर गेलास की एरर. 255 करून टाक.

दिवाणजींना नवा पासवर्ड देताना एसक्यूएलनं थेट अपडेट मारू नकोस हां, तिथं सेटर चालत नाही, कॉलमात उघडा पासवर्ड जाईल. फ्लास्क शेल (तुझ्या अ‍ॅपसकट उघडणारं पायथन) उघड, यूजर काढ, पासवर्ड दे, कमिट कर.