फॉरेक्स कार्डावर भाड्याची गाडी मिळत नाही – बुकिंगआधी हे वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ऑक्टोबरच्या शेवटी आई-वडिलांना घेऊन न्यू जर्सीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडीने दहा दिवसांत जायचं, वाटेत नायगारा आणि यलोस्टोन करायचं, गाडी स्वस्त संकेतस्थळावरून आगाऊ पैसे भरून घ्यायची. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, "डॉलर सगळे फॉरेक्स कार्डावर भरून नेतोय, तेवढं पुरेल ना?" बाकीच्यांनी मार्गावर भरपूर लिहिलंय. मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकलो, कारण २०१९ साली मी अगदी हेच केलं होतं आणि ते मला फार महागात पडलं.

व्हिसा, लायसन्स, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं यावर मी लिहीत नाही, ते तुम्ही बघितलेलं दिसतंय. फक्त आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडूनच घ्या. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच. इंटरनेटवर कोणीही विकत असलेल्या रंगीत पुस्तिकेला काही अर्थ नाही.

तर झालं असं. आम्हा दोघांना रूट ६६ करायचा होता, शिकागो ते लॉस एंजेलिस. हा रस्ता १९२६ चा, १९८५ मध्ये तो सरकारी यादीतून निघाला, पण जुने तुकडे अजून चालवता येतात. तीन आठवड्यांची गाडी एका मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतली आणि पूर्ण भाडं आगाऊ भरलं. बासष्ट हजार रुपये. आमच्या शहरातल्या ज्या कार्यालयातून फॉरेक्स कार्ड घेतलं, तिथल्या माणसाला मी स्पष्ट विचारलं होतं की गाडी भाड्याने घ्यायची आहे, हे चालेल का. "अमेरिकेत सगळीकडे चालतं, काका." त्या एका वाक्यावर मी निर्धास्त झालो. क्रेडिट कार्ड घरी कपाटात ठेवून गेलो. परदेशात हरवलं, कोणी वापरलं तर नसती कटकट, असा विचार.

ओ'हेअर विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, यंत्रात घालण्याआधीच उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेल्या 'प्रीपेड', म्हणजे आधी पैसे भरलेलं कार्ड, या शब्दावर बोट ठेवून ते माझ्याकडे सरकवलं. एक महिना कार्ड माझ्या खिशात होतं, तो शब्द मी वाचलाच नव्हता. ती शांतपणे म्हणाली, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागेल. कार्डावर चार हजार डॉलर आहेत म्हटलं, तर म्हणाली, असू देत. आपल्या बँकेचं डेबिट कार्डही तिथे चाललं नाही.

यामागचं कारण मला नंतर समजलं, आणि ते पटण्यासारखं आहे. भाड्याशिवाय गाडीची कंपनी तुमच्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवते. गाडीला धक्का लागला, टोल चुकला, पार्किंगचा दंड आला, तर तो गाडी परत केल्यावर कितीतरी दिवसांनी वसूल करायचा असतो. क्रेडिट कार्डावर तो टाकता येतो. प्रीपेड कार्ड रिकामं झालं की त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

खरा मनस्ताप पुढे झाला. मध्यस्थाला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर उत्तर मिळालं की योग्य कार्ड न आणल्यामुळे तुम्ही 'गाडी घ्यायला आलाच नाहीत' असं धरलं जाईल आणि पैसे परत मिळणार नाहीत. मी काउंटरसमोर उभा राहून बोलत होतो, तरी मी आलोच नव्हतो! काउंटरवाले म्हणाले, पैसे आम्हाला दिलेले नाहीत, त्यांना विचारा. मध्यस्थ म्हणाले, गाडी आम्ही नाकारलेली नाही, काउंटरला विचारा. भारतात परतल्यावर सहा महिने ईमेल केले. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तोच नियमांचा परिच्छेद. फॉरेक्सवाल्या कार्यालयात गेलो, तर तो माणूस बदलून गेला होता आणि "आम्ही असं लेखी कुठे दिलंय?" एवढंच ऐकायला मिळालं. आजही ते आठवलं की संताप होतो. पैशांपेक्षा जास्त त्या टोलवाटोलवीचा.

आमची सुटका मिलवॉकीच्या भाच्याने केली. दीड तास गाडी चालवत आला, दुसऱ्या कंपनीकडून स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डावर गाडी घेतली आणि मला जादा चालक म्हणून लिहून दिलं. ऐनवेळचा दर ठरलेल्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. तुमची बहीण न्यू जर्सीत आहे म्हणून तुम्हालाही कोणी हाच उपाय सुचवेल. सुचला तरी करू नका. कागदावर गाडी तिची, म्हणजे अपघात, दंड, नुकसान सगळ्याची जबाबदारी तिचीच. ओक्लाहोमात माझी रोखीची मार्गिका चुकली आणि मी विनारोख मार्गिकेतून निघून गेलो. तो टोल, वर गाडीच्या कंपनीचा आकार, तीन महिन्यांनी भाच्याच्या कार्डावर गेला. त्याने आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्याच्या घरी सहज बोलताना ते निघालं आणि मला मान वर करवेना.

म्हणून हे करा. तुमच्या नावाचं, उठावदार अक्षरांचं असो वा सपाट, पण खरं क्रेडिट कार्ड न्या. शक्यतो दोन, दोन वेगळ्या बँकांची. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावा लागतो. तिथे ऑनलाइन खरेदी आणि दुकानातलं यंत्र यांची बटणं वेगळी असतात आणि परदेशाची मर्यादाही वेगळी असते, तिन्ही बघा. अडकलेली रक्कम मोकळी व्हायला गाडी परत केल्यावर बरेच दिवस लागू शकतात, तेव्हा हॉटेलं आणि गाडी एकाच कार्डावर ठेवली तर मर्यादा संपते. फॉरेक्स कार्ड जेवणखाण, खरेदीला उत्तम आहे, तेही न्याच. आणि बुकिंग असं करा की पैसे काउंटरवर भरायचे. पाच टक्के स्वस्त मिळतंय म्हणून आगाऊ भरू नका, हे माझं ठाम मत आहे.

नावाचंही बघा. आपल्याकडे लायसन्सवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव असतं, कार्डावर नुसती आद्याक्षरं. तुमच्या पत्नीही चालवणार आहेत असं लिहिलंय. त्यांचं लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल तर ते इथेच सरळ करून घ्या. काही कंपन्या नवरा-बायकोला जादा चालकाचा आकार लावत नाहीत, तेही विचारा.

विम्याबद्दल थोडं, पण मी विमा एजंट नाही आणि वकीलही नाही, नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून करार स्वतः वाचा. गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा आणि समोरच्याला झालेल्या इजेचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो, वेगळा. आपल्याकडे गाडीसोबत थर्ड पार्टी असतोच, म्हणून आपण गृहीत धरतो. तिथे मूळ भाड्यात तो राज्याच्या किमान रकमेपुरता किंवा त्याहूनही कमी असू शकतो. तिथली हॉस्पिटलची बिलं कशी असतात हे तुमच्या बहिणीला विचारा, म्हणजे यात का काटकसर करू नये ते कळेल. प्रवास विमा सहसा हे भरून देत नाही. बुकिंग करताना राहण्याचा देश खरा, म्हणजे भारत, असाच निवडा. परदेशी ग्राहकांसाठीच्या दरात बऱ्याचदा दोन्ही विमे धरलेले असतात आणि ते काउंटरवर घेण्यापेक्षा स्वस्त पडतात.

पेट्रोल पंपावर यंत्र कार्ड घेतं आणि पाच आकडी पिनकोड मागतं. आपला सहा आकडी तिथे चालत नाही. घाबरू नका, आत दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगा, "चाळीस डॉलर" म्हणा, कार्ड द्या आणि येऊन भरा. कमी भरलं तर उरलेले परत मिळतात. हिरवी नळी बहुतेक ठिकाणी डिझेलची असते. न्यू जर्सीत मात्र स्वतः भरायला बंदी आहे, गाडीतच बसून राहा.

आता तुमचा मार्ग. रागावू नका, पण आई-वडील सोबत असताना हा बेत मला मान्य नाही. सरळ आय-८० या महामार्गाने गेलात तरी साधारण २,९०० मैल होतात. नायगारा आणि यलोस्टोनचे वळसे धरले की रोज पाचशे किलोमीटरच्या पुढे, दहाही दिवस, मुक्कामाचा एकही दिवस नाही. एकट्या नेब्रास्कात आय-८० ४५५ मैल आहे, म्हणजे आपल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गापेक्षा लांब आणि तितकाच सरळ. समृद्धीवर दुपारी डोळा कसा लागतो हे तुम्हाला माहीत असेल. त्यात चौथ्या-पाचव्या दिवशी दमल्यावर जुनी सवय उसळी मारते. इंडिकेटर द्यायला हात उजवीकडे जातो, वायपर सुरू होतात आणि त्या गोंधळात डावीकडे वळताना माणूस उलट्या मार्गिकेत शिरतो. माझ्याकडून असं टुकमकारी गावाजवळ झालं. समोरून ट्रक येत होता, त्याने वेळीच गाडी थांबवली म्हणून वाचलो.

यलोस्टोनमधले आतले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाड्यांसाठी बंद होतात आणि ऑक्टोबरमध्येही बर्फामुळे अधूनमधून अडतात. वायोमिंगमध्ये लॅरामी ते रॉलिन्स हा आय-८० चा पट्टा वाऱ्याने आणि बर्फाने बंद पडण्यासाठी प्रसिद्ध आहे. नायगाराला कॅनडाच्या बाजूने जायचं मनात असेल तर अमेरिकेचा व्हिसा पुरत नाही, आपल्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो.

मी तुमच्या जागी असतो तर नायगारा बहिणीकडून दोन दिवसांत अमेरिकेच्या बाजूने करून आलो असतो आणि मग विमानाने लास वेगासला उतरलो असतो. तिथून झायन, ब्राइस कॅन्यन, पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडा आणि परत लास वेगास. साधारण हजार मैलांचा फेरा. गाडी घेतली तिथेच परत द्यायची, त्यामुळे दुसऱ्या शहरात सोडण्याचा भरमसाट आकार वाचतो. दक्षिण कडा वर्षभर उघडी असते, पण ती सात हजार फुटांवर आहे आणि ब्राइस त्याहूनही उंच. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आईंसाठी कानटोपी आणि जाड मोजे घ्या.

खर्चात एक नवीन गोष्ट धरा. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पर्यटकांना अकरा मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत माणशी शंभर डॉलर जादा पडतात, सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही त्यात आहेत. अडीचशे डॉलरचा परदेशी नागरिकांचा वार्षिक पास घेतला तर हा जादा आकार लागत नाही, तेव्हा तोच घ्या. मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांची आहे, तिथे हा पास चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं.

पोलिसाने मागे दिवे लावले तर गाडी उजवीकडे घेऊन थांबा आणि आतच बसा. आपल्यासारखं कागद घेऊन उतरून त्याच्याकडे चालत जाऊ नका, तिथे तो धोका समजला जातो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि वडिलांनाही आधीच सांगून ठेवा की मागचं दार उघडायचं नाही.

हॉटेलांच्या वेळा ठरवताना घड्याळाकडे लक्ष द्या. लास वेगासहून युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं, पेज ॲरिझोनात असल्याने पुन्हा एक तास मागे येतं आणि ऑक्टोबरात मॉन्युमेंट व्हॅलीला पोचलात की परत पुढे. पेजजवळची अँटेलोप कॅन्यन ही दरी नवाहो भूमीवर असली तरी तिथल्या सहली पेजच्या वेळेने चालतात. आम्ही तिथे तासभर आधी जाऊन उन्हात बसलो होतो, आईंना तसं बसायला लावू नका.