दुकानातला आणि वेबसाइटवरचा साड्यांचा स्टॉक एकसारखा कसा ठेवायचा?

तुमच्या दुकानात टॅली (हिशोब आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर) आहे, वेबसाइट वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, आणि लग्नसराईत एकच साडी दोघींना विकली गेली म्हणून तीनदा माफी मागावी लागली. आता दोन्हीकडचा स्टॉक आपोआप जुळवणारं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आमचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे, वेबसाइट 2020 च्या लॉकडाउनमध्ये सुरू केली. सॉफ्टवेअर लागेलच, पण आधी तुमची जांगडवही, म्हणजे बिल न करता पसंतीसाठी घरी दिलेल्या मालाची वही, काढून बसा.

आमची फजिती ऐका. राणी रंगाची, हिरव्या काठाची पैठणी, नग एकच. ओळखीच्या एक काकू घरी दाखवायला म्हणून चार साड्या जांगड घेऊन गेल्या, त्यात ती होती. बिल झालं नव्हतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी साडी कपाटातच. रात्री डोंबिवलीहून तिचीच ऑर्डर आली, पैसेही जमा. सकाळी काकूंना फोन केला तर नवरीने नेमकी तीच पसंत केलेली, आणि हळदीकुंकूही लावून झालेलं! यात सॉफ्टवेअर कुठेच चुकलं नव्हतं. आम्ही दिलेला खोटा आकडा त्याने वेळेवर वेबसाइटला पोचवला, एवढंच.

तेव्हापासून टॅलीत 'जांगड' नावाचं वेगळं गोडाऊन आहे. साडी उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी तिची नोंद तिकडे हलते. वेबसाइटला फक्त 'दुकान' गोडाऊनचा आकडा जातो. जोडणी, म्हणजे टॅलीचा स्टॉक वेबसाइटला कळवणारं सॉफ्टवेअर, विकणाऱ्याला हेच पहिल्यांदा विचारा: गोडाऊनप्रमाणे आकडा पाठवता येतो का? नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. (जाता जाता: पसंतीवर दिलेला माल डिलिव्हरी चलनावर द्या. जीएसटीप्रमाणे पसंत पडला की बिल, आणि काहीच कळवलं नाही तरी माल बाहेर गेल्यापासून सहा महिन्यांत बिल करावं लागतं.)

उलटी गडबडही होते. फॉल-बिडिंगला ठेवलेल्या साड्या विकलेल्या असतात, पण आपल्याच कपाटात पडून असतात, आणि मोजणीत कोणीतरी त्या स्टॉकमध्ये धरतं. त्यांना वेगळा खण द्या. परत आलेल्या पार्सलचंही तसंच. वूकॉमर्समध्ये ऑर्डर रद्द केली की नग आपोआप स्टॉकमध्ये जमा होतो, साडी मात्र अजून कुरियरच्या गाडीत असते. पार्सल हातात येऊन, उघडून, घडी तपासून झाल्याशिवाय आम्ही ऑर्डर रद्द करतच नाही.

दुसरा घोळ शिल्लकेच्या आकड्याचा मालक कोण याचा. समजा 5 नग होते. काउंटरवर 2 गेले, वेबसाइटवर 1. खरे उरले 2. पण वेबसाइट म्हणते 4, टॅली म्हणते 3, आणि दोघंही आपापला आकडा एकमेकांवर लिहितात. मग जो शेवटी लिहील तो खरा! वेबसाइटने टॅलीकडे फक्त ऑर्डर पाठवायची, शिल्लक कधीच नाही. शिल्लक सांगायचा हक्क एकट्या टॅलीचा.

त्यात वूकॉमर्समध्ये साडी नुसती कार्टमध्ये टाकली तर ती कोणासाठी राखून ठेवली जात नाही. ऑर्डर करून पैसे न भरलेल्यासाठी मात्र राहते, सेटिंग बदललं नाही तर 60 मिनिटं. मी ती वेळ 15 वर आणली आहे. भर सीझनमध्ये तासभर साडी अडकवून ठेवणं परवडत नाही.

ब्लाउजपीस, परकर, सुती साड्या अशा चालत्या मालाला सोपा उपाय आहे: दुकानात 10 असतील तर वेबसाइटवर 8 दाखवा. एकेका नगाच्या पैठणीला हे लागू पडत नाही, आणि आमची जोडणी तर दर 15 मिनिटांनी चालते. तेवढ्यात काउंटरवर साडी गेली की संपलं. म्हणून वेबसाइटवर टाकलेले एक-नगी मोहरे आम्ही वेगळ्या काचेच्या कपाटात ठेवतो. सेल्समनने ते गादीवर उलगडायच्या आधी मोबाइलवरून वेबसाइटवर 'स्टॉक नाही' करायचं, गिऱ्हाईक नको म्हणालं की परत चालू. अगदी गावठी उपाय आहे, पण गेल्या दोन लग्नसराया एकदाही माफीचा फोन करावा लागला नाही.

मोजणी वर्षातून एकदा मार्चमध्ये करत असाल तर ते सोडा. सकाळी दिवाबत्ती झाली की एका खणातल्या वीस साड्या स्कॅन करायच्या, दुसऱ्या दिवशी पुढचा खण. आणि बारकोडचं स्टिकर थेट साडीवर चिकटवू नका, रेशमावर गोंदाचा डाग राहतो. लेबल दोऱ्याने बांधा.