नाक आतून मोकळं, तरी चोंदल्यासारखं का वाटतं?

दादा, तुमच्या बहिणीचं वर्णन वाचून मला माझी विशी आठवली. वय १९, नाकातून घाण वास, हिरवट खपल्या, नाक कायम चोंदलेलं आणि तिला स्वतःला मात्र कसलाच वास येत नाही. 'सायनसच आहे का' असं विचारलंय. न तपासता कोणी सांगू नये, पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना 'अ‍ॅट्रोफिक ऱ्हायनायटिस (नाकाचं आतलं अस्तर वाळून आक्रसण्याचा आजार) तर नाही ना' एवढं नक्की विचारा. मला तोच होता. आमच्याकडं जुनी माणसं पिनस म्हणायची.

मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ राहायचे. हळदीचे सौदे सुरू झाले की अख्खी गल्ली शिंकायची, मला हळद नुसती पिवळी दिसायची. एकदा एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावून उठून गेली. मला वाटलं, तिला गाडी लागली.

नाकाच्या आतल्या अस्तरावर बारीक लव असते. ती शेंबूड सतत घशाकडं ढकलत राहते. या आजारात अस्तराचं रक्त कमी होतं, लव झडते आणि तिथं कातडीसारखा कोरडा थर येतो. नाकाच्या आतल्या भिंतीवरची वळलेली हाडं, म्हणजे टर्बिनेट, तीही आक्रसतात आणि नाक आतून रुंद होतं. शेंबूड जागचा हलत नाही, वाळतो, त्यात जंतू वाढतात, वास त्यांचाच. वास ओळखणारा भागही वाळून जातो, म्हणून जिचं नाक तिलाच पत्ता नसतो. आणि चोंदल्यासारखं का? आत शिरलेली हवा गार लागते, ती जाणवणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतात. माझ्या नाकात दुर्बीण घातल्यावर डॉक्टर म्हणाले, "इथनंच घशाची मागची भिंत दिसतीय." आणि त्याआधी वर्षभर, एका दवाखान्याच्या सांगण्यावरून, मी नाक मोकळं करायचे थेंब घालत होते! ते थेंब रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

नेमकं एक कारण सापडलेलं नाही. बऱ्याचदा वयात येताना सुरू होतो, बायकांत जास्त. एकाच घरात दोघी-तिघींना झालेला दिसतो, म्हणून आनुवंशिकतेचा संशय आहे. हार्मोन्स, लोह आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही नावं घेतात. क्लेबसिएला ओझेनी हा जंतू खपल्यांत सापडतो, पण सुरुवात तोच करतो की बिघडलेल्या जागी नंतर येऊन बसतो, यावर वाद आहे. दुसरा प्रकार मागून येणारा: ऑपरेशनमध्ये टर्बिनेट जास्त काढल्यावर, रेडिएशननंतर, किंवा क्षय, कुष्ठरोग, सिफिलिस यांतून. बहिणीचं नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर ते आधी सांगा. अस्वच्छतेनं होतो हे डोक्यातून काढा. मी दिवसातून तीनदा नाक धुवायचे.

धुणं मात्र हाच रोजचा उपचार आहे. खायचा सोडा १ भाग, टाकणखार (बोरॅक्स) १, मीठ २; उकळून कोमट केलेल्या पाण्यात. प्रमाण आणि पद्धत डॉक्टरांकडूनच शिका. नंतर ग्लिसरीनमधल्या ग्लुकोजचे थेंब. या पाण्यानं पहिल्यांदा धुतलं तेव्हा माझ्या नाकातून बोटभर लांबीची खपली आली, नाकाच्या साच्यातून काढल्यासारखी. सुकी खपली नखानं ओढू नका, रक्त येतं. खपल्यांत माशी अंडी घालते. नाकात वळवळ वाटली किंवा रक्ताळ पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फार वाढलं तर नाकपुड्या काही महिने शिवून बंद ठेवायचं यंग नावाच्या डॉक्टरांचं ऑपरेशनही आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि वासाचं तिला सांगायचं असेल तर एकटीला बाजूला घेऊन सांगा. मला चारचौघांत, पंगतीत सांगितलं होतं.