पेपर अर्धाही सुटला नाही, म्हणजे नापास का?

नोकरीसाठी कंपन्या घेतात ती ऑनलाइन टेस्ट देऊन माझ्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं, ‘पेपर पुरा झाला नाही.’ तिचंही तेच होतं. आधी बरीच वर्षं हिशेबतपासणीचं काम केलेली, मध्ये मुलांसाठी नोकरी सोडलेली आणि आता पुन्हा अर्ज करू लागलेली ही महिला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाली, “मॅडम, पन्नासपैकी एकोणीसच झाले. शाळेत असते तर नापासच की!”

टेस्ट होती सीसीएटी, नोकरीच्या उमेदवारांची विचारक्षमता जोखणारी. 15 मिनिटांत 50 प्रश्न. शब्दांचे, आकड्यांचे, आकृत्यांचे, सगळे सरमिसळ. म्हणजे एका प्रश्नाला 18 सेकंद. याच जातकुळीतली वंडरलिक त्याहून घाईची, 50 प्रश्नांना 12 मिनिटं. वेळ पुरू नये अशाच बेताने या चाचण्या बांधलेल्या असतात. सगळ्यांचं सगळं सुटलं तर उमेदवारांमधला फरक दिसणार कसा? सीसीएटीत सरासरी उमेदवाराचे 50 पैकी 24 च्या आसपास येतात. शाळेची पस्तीस टक्क्यांची फूटपट्टी इथे लावून उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं. तिला हायसं वाटलं, पण पुरतं नाही.

“मग एकोणीस म्हणजे कमीच ना?”

“थोडे कमी. त्यातले चुकले किती असतील?”

“एकही नाही. प्रत्येक तपासून पाहिला होता.”

माझ्या मते खरी अडचण या उत्तरात होती. मी तिला समोर बसवून सरावाची एक चाचणी सोडवायला लावली आणि गप्प बसून बघत राहिले. एक आकड्यांची मालिका आली: 3, 5, 9, 17, 33, पुढे काय? तिने कागदावर फरक मांडले, 2, 4, 8, 16, म्हणून पुढचा 32, उत्तर 65. बारा-पंधरा सेकंदांत झालं. पर्यायांत 65 होतं. पण तिने क्लिक केलं नाही. दुप्पट करून एक वजा केला तरी जमतं का, ते प्रत्येक आकड्यावर करून पाहिलं, पुन्हा 65 आलं, तेव्हा कुठे बोट हललं. तोवर मिनिट उलटलं होतं. हिशेबतपासनीस म्हणून हीच सवय तिची खरी कमाई, आणि घड्याळापुढे हीच तिला नडत होती.

गुण कसे मोजतात ते नीट कळलं की अशी सवय बाजूला ठेवणं सोपं जातं. आधी निघतो कच्चा स्कोअर, म्हणजे बरोबर उत्तरांची संख्या. सीसीएटीत चुकीला गुण कापत नाहीत. त्यामुळे 19 सोडवून 19 बरोबर आणणारीपेक्षा 34 सोडवून 26 बरोबर आणणारा पुढे जातो, त्याच्या आठ चुका कुणी मोजतही नाही. मग त्या कच्च्या स्कोअरची तुलना आधी चाचणी दिलेल्यांच्या गटाशी होते आणि पर्सेंटाइल निघतो. 60 पर्सेंटाइल म्हणजे साठ टक्के गुण नव्हेत. त्या गटातल्या साधारण 60 टक्के लोकांपेक्षा तुमचा स्कोअर वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. गट बदलला की पर्सेंटाइलही बदलतो. तोच कच्चा स्कोअर सरसकट अर्जदारांत मध्यावर असेल, तर निवडक पदवीधरांच्या गटात खाली जाईल.

पर्सेंटाइलची आणखी एक गंमत आहे. मधल्या भागात माणसांची गर्दी असते, म्हणून तिथे थोडी सुधारणासुद्धा बरंच वर नेते. आकडेशास्त्राच्या भाषेत, सरासरीपासून अर्ध्या प्रमाण विचलनाने (म्हणजे सगळ्यांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या निम्म्याने) वर सरकलं की 50 चे 69 पर्सेंटाइल होतात. तेवढीच मजल टोकाजवळ मारली तर 97.7 चे 99.4, बस्स. तिच्यासारख्या मधल्या भागातल्या उमेदवाराला दोन-चार जास्तीच्या बरोबर उत्तरांनी जे मिळतं, ते आधीच वर असलेल्याला मिळत नाही. शिवाय कंपनी बहुतेक वेळा पदानुसार किमान स्कोअर किंवा एक पट्टा ठरवते. पहिला नंबर काढायची गरज नसते.

सरावाने फरक पडतो का, हा पुढचा प्रश्न. पडतो, पण चमत्कार होत नाहीत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, 50 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणात चाचणी पुन्हा देणाऱ्यांची सरासरी सुधारणा पाव प्रमाण विचलनाएवढी निघाली. म्हणजे मध्यावरचा माणूस साधारण 60 पर्सेंटाइलला पोचतो. ‘आठवड्यात टॉप स्कोअर’ म्हणून फुटलेल्या प्रश्नांची पोतडी विकणाऱ्यांपासून मी लोकांना हातभर लांब ठेवते. एसएचएलसारख्या चाचण्या बनवणाऱ्या कंपन्याच सरावाचे नमुने फुकट देतात, तेवढे पुरतात.

तिच्यासाठी आम्ही सराव उलटा बसवला. प्रश्न सोडवण्यापेक्षा सोडून देण्याचा. वीस सेकंदांत वाट दिसली नाही तर अंदाजाने एक पर्याय टिपायचा आणि पुढे. उत्तर एकदा आलं की पडताळा घ्यायचा नाही. पहिल्या दोन बैठकींत ती अक्षरशः तळमळली, “हे म्हणजे अर्धवट काम झालं मॅडम!” पुढे तिला अंदाज येऊ लागला की शब्दांचे प्रश्न ती झटपट उडवते आणि आकृत्या फिरवण्यात अडकते. मग आकृत्यांना तिने स्वतःच दहा सेकंदांची मुदत घातली. चुका वाढल्या, बरोबर उत्तरं त्याहून जास्त वाढली. सरावात ती 26-27 वर स्थिरावली.

मात्र हा हिशेब प्रत्येक चाचणीला लावू नका. जिथे चुकीला गुण कापतात, तिथे सूचना डोळ्यांत तेल घालून वाचाव्या लागतात. पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा असेल, तर आंधळ्या अंदाजातून सरासरी शून्य हाती लागतं. एक पर्याय नक्की चूक म्हणून बाद करता आला, तर अंदाज किंचित फायद्याचा ठरतो. आणि काही चाचण्या तुमच्या उत्तरांप्रमाणे बदलत जातात: बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. तिथे किती बरोबर यापेक्षा कोणत्या पातळीचे प्रश्न सुटले यावर स्कोअर ठरतो. प्रश्न अवघड होत चालले म्हणून धीर सोडणारे खूप भेटतात. खरं तर ते लक्षण चांगलं. या चाचण्यांत सहसा मागे जाता येत नाही, म्हणून तिथे तिची पडताळा घेण्याची जुनी सवय थोडीफार कामाची.

वाचनात अडचण असणाऱ्यांनी, दिसण्या-ऐकण्यात मर्यादा असणाऱ्यांनी जादा वेळेची किंवा वेगळ्या सोयीची मागणी लिंक उघडण्याआधी एचआरकडे करावी. टेस्ट देऊन झाल्यावर सांगितलं तर सहसा कुणाच्या हातात काही उरत नाही.

पहिल्या कंपनीचा नकार आला. दुसरीकडे ती पुढच्या फेरीत गेली आणि घाबरून तिने फोन केला, कारण आता कॅमेऱ्यासमोर छोटी फेरचाचणी होती. घरी टेस्ट दिली ती हीच व्यक्ती का, हे पाहण्यासाठी अशी फेरचाचणी असते. स्कोअर थोडा खालीवर झाला तर त्याचं कुणी भांडवल करत नाही, कारण प्रत्येक मोजणीत थोडी चूक गृहीतच धरलेली असते. जिने पहिली स्वतः सोडवली तिला त्यात भिण्यासारखं काय? सोबत स्वभावाची प्रश्नावली होती: चार विधानांतून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी लागू पडणारं निवडा. तिने विचारलं, “त्यांना हवं ते लिहू का?” मी म्हटलं, चारही विधानं सारखीच गोड वाटतील अशी निवडलेली असतात, आणि तोच मुद्दा पुढे वेगळ्या शब्दांत परत येतो. सोंग आणायचं तर शेवटपर्यंत आठवणीत ठेवावं लागेल. खरं लिहा, लवकर उरकेल.

ती फेरचाचणी पार पडली. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. 2022 साली मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा कामातल्या यशाचा अंदाज देण्यात बुद्धिमापन चाचण्यांपेक्षा ठरावीक प्रश्नांची आखीव मुलाखत वरचढ निघाली होती. हे तिला उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, “मॅडम, मग तर टेस्टच बरी होती. तिथे निदान कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.” आता तयारी त्याची सुरू आहे.