वाचक विचारतात : दोन इंजिनांची वेगवान बोट आणि मालकाचे समाधान

प्रश्न : आम्ही तिघे मावसभाऊ नागपुरात राहतो. मांडव्याजवळ उभी असलेली एक वापरलेली वेगवान बोट तिघांनी मिळून घ्यावी, असे घाटत आहे. बोट ३० फुटांची असून तिला प्रत्येकी ३०० अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने आहेत. इंजिने बोटीच्या पोटात आणि पंख्याचा भाग मागे पाण्यात, अशी तिची रचना आहे. सध्याचे मालक बोटीवर अतिशय खूश आहेत. तशाच बोटी असणाऱ्या आणखी तिघाचौघांशी आम्ही बोललो, तर त्यांनीही भरभरून कौतुक केले. या कौतुकावर कितपत विसंबावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ही मंडळी खोटे बोलत आहेत, असे मानण्याचे काहीच कारण नाही. या जातीच्या बोटी चालवायला खरोखरच सुखाच्या असतात. रेमंड हंट यांनी रेखाटलेल्या खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाच्या ‘मॉपी’ या बोटीने १९६० साली मायामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली आणि वेगवान बोटींचा तळ कसा असावा, हे जवळपास तेव्हाच ठरून गेले. असा तळ लाट कापत जातो, त्यामुळे दुपारचा वारा सुटल्यावर सपाट तळाची बोट जिथे धडाधड आपटते, तिथे ही बरीच शांतपणे पुढे सरकते. दोन इंजिनांचे पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असल्याने बोट एका बाजूला ओढ घेत नाही आणि एक इंजिन पुढे व दुसरे मागे टाकून जेट्टीपाशी ती जागच्या जागी वळवता येते. मालक ज्या गोष्टींचे कौतुक करतात त्या बहुधा याच, आणि त्या खऱ्या आहेत.

मात्र आपल्याला भेटलेले सगळे आजही बोट बाळगून असलेले मालक आहेत. जे कंटाळले ते बोट विकून मोकळे झाले आणि आपल्या विचारपुशीतून आपोआप वगळले गेले. तेव्हा तशी बोट विकून टाकलेला एखादा माणूस अवश्य शोधावा, आणि त्याहीपेक्षा ती बोट हाताळणाऱ्या तांडेलाशी व मेकॅनिकशी मालकाच्या अनुपस्थितीत बोलावे. मालकालाही ‘आपण समाधानी आहात का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर एकच येते. ‘मागच्या हंगामात इंजिने किती तास चालली आणि त्या हंगामाची दुरुस्तीची बिले दाखवाल का’ असे विचारावे. तासांचे मीटर दोन्ही इंजिनांवर असते. दोहोंच्या तासांत मोठी तफावत असेल, तर एक इंजिन बराच काळ बंद होते किंवा बदलले गेले आहे, आणि त्याचे कारण समजलेच पाहिजे. पाच वर्षांत जेमतेम शंभर तास चाललेली बोट ही नव्यासारखी बोट असते, हा समजही सोडावा, कारण खाऱ्या हवेत नुसती उभी राहिलेली इंजिने चालणाऱ्या इंजिनांइतकीच, कधी त्यांहून लवकर खराब होतात.

‘एक इंजिन बंद पडले तरी दुसरे आहेच’ हे वाक्य आपण ऐकले असेलच. ते अर्धेच खरे आहे. दोन्ही इंजिनांना एकाच टाकीतून, एकाच गाळणीतून पेट्रोल जात असेल आणि त्यात पाणी शिरले असेल, तर दोन्ही एकदमच बंद पडतील. शिवाय पंख्यांचे माप दोन इंजिनांच्या जोरावर बेतलेले असल्याने अशा बऱ्याच बोटी एका इंजिनावर पाण्यावर उचलल्या जात नाहीत. मग बोट सात-आठ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे १३ ते १५ किलोमीटरने, पोट पाण्यात बुडवून सरकत राहते. किनारा गाठायला ते पुरते, पण हिशेब तसाच धरून निघावे.

खर्चाबाबत मालक सहसा मोघम बोलतात. पूर्ण वेगात ३०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन तासाला साधारण ११० लिटर पेट्रोल पिते, म्हणजे दोन मिळून २२० लिटर. आरामाच्या वेगात हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. पेट्रोल लिटरमागे शंभराच्या वर असताना तासाभराच्या शांत फेरीलाही अकरा-बारा हजार रुपये सहज जातात आणि हे नुसते इंधन झाले. दुरुस्तीचे बहुतेक सगळे काम दोनदा करावे लागते : दोन पंप, दोन गिअर, दोन धुराड्या. समुद्राचे पाणी थेट इंजिनात फिरवून ते गार ठेवले जात असेल, तर धूर बाहेर नेणारे बिडाचे भाग आतून गंजत जातात आणि काही वर्षांनी बदलावेच लागतात. ते टाळले तर पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि इंजिन हातचे जाते. मागच्या पायाभोवतीचे (म्हणजे पंखा धरणाऱ्या, पाण्यात उतरलेल्या भागाभोवतीचे) रबरी भातेही असेच वेळच्या वेळी बदलावे लागतात, कारण ते फाटले की पाणी बोटीतच शिरते. हे भाग शेवटचे कधी बदलले, याची पावती मागावी. ‘अजून काहीच बदलावे लागले नाही’ असे अभिमानाने सांगितले गेले, तर तो खर्च आपल्यासाठी राखून ठेवला आहे असे समजावे.

बोट पाहायला जाल तेव्हा पहिल्यांदा झाकण उघडायला लावून इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर आपण येण्याआधीच ते सुरू करून ठेवले आहे. थंड इंजिन कसे सुरू होते, हे आपल्याला पाहू द्यायचे नाही. मग पायातले गिअर ऑइल खालचा स्क्रू सैल करून थोडे काढून घ्यावे. ते ताकासारखे पांढुरके निघाले, तर आत पाणी गेले आहे. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या कप्प्यात साचते, म्हणून सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे कप्प्यातला हवा खेचणारा पंखा लावून ती बाहेर काढली जाते का, आणि चालवणारा आपत्कालीन बंदची दोरी अंगाला अडकवतो का, हेही पाहावे. मालकाने बोट कशी सांभाळली असेल, ते या दोन सवयींवरून पुष्कळसे कळते. चाचणी मोकळ्या पाण्यातच घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनावर माणसे प्राणास मुकली. गर्दीच्या पाण्यात पूर्ण वेग आजमावून पाहण्याचा आग्रह कोणी धरला, तर आपण बोटीतून उतरावे. मोकळ्या पाण्यात पूर्ण वेग दिल्यावर दोन्ही इंजिनांचे मिनिटाचे फेरे निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेत आणि जवळपास सारखे आले पाहिजेत. तळ व मागची भिंत स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी आणि मेरिटाइम बोर्डाकडील नोंदणी व विमा विकणाऱ्याच्याच नावावर आहे, याची खात्री करावी.

आता माझे मत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो संपल्यावरही मांडवा बरेच दूर राहते, आणि पावसाळ्यात या किनाऱ्यावर अशी बोट पाण्यात ठेवता येत नाही. प्रत्येक फेरीनंतर इंजिने गोड्या पाण्याने धुणे, महिन्यातून दोनदा तरी ती चालवणे, ही कामे आपण नागपुरात बसून पगारी माणसाच्या भरवशावर कराल. जे मालक आपल्याशी बोलले, ते किनाऱ्यापासून किती अंतरावर राहतात, हे त्यांना विचारले होते का? त्यांच्या समाधानात त्या अंतराचा वाटा मोठा असतो. म्हणून या हंगामात बोट भाड्याने घेऊन समुद्रावर जावे, आणि पुढे घ्यायचीच ठरली, तर मागे बाहेर बसवलेल्या दोन इंजिनांची घ्यावी. ती इंजिने उचलून पाण्याबाहेर ठेवता येतात, धुणे सोपे जाते आणि दहा वर्षांनी बोट तीच ठेवून इंजिने बदलता येतात.

प्रश्न : अशीच बोट खिंडसीला किंवा तोतलाडोहला ठेवली, तर समुद्राचा त्रासच वाचणार नाही का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : गंज कमी होईल, हे खरे. पण तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे तो विचार सोडूनच द्यावा. खिंडसीवर नौकाविहार चालतो, परंतु ६०० अश्वशक्तीची बोट तिथे वेग घेते न घेते तोच थांबवावी लागेल आणि तिच्या लाटांनी लहान नावांना व काठाला उपद्रव होईल. तलावासाठी लहान, एका इंजिनाची बोटच योग्य. तीही संबंधित विभागाची परवानगी काढून. कोणतीही बोट खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात आणल्यास झीज सोसण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे काढून मॅग्नेशियमचे बसवावेत, कारण गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही.

प्रश्न : पंपावरचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल अशा बोटीला चालते का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : बोटींच्या इंजिनांचे निर्माते सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला मान्यता देतात, त्यामुळे त्या इंजिनाची पुस्तिका पाहिल्याशिवाय होय म्हणता येणार नाही. मोटारीची टाकी आठवड्या-पंधरवड्यात संपते, बोटीचे पेट्रोल मात्र महिनोन् महिने दमट हवेत पडून राहते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तिथूनच ओढते. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलने मऊ पडतात. म्हणून प्रत्येक इंजिनासाठी पाणी वेगळे करणारी स्वतंत्र गाळणी बसवावी, ती दर काही फेऱ्यांनंतर काचेच्या बाटलीत रिकामी करून खाली पाण्याचा थर दिसतो का ते पाहावे, आणि पावसाळ्यासाठी बोट बाहेर काढण्यापूर्वी टाकी जाणकाराकडून रिकामी करून घ्यावी. वापरलेली बोट पाहतानाही विक्रेत्याला हीच बाटली भरून दाखवायला सांगता येते.